शेजारची बेल वाजवू द्या

पालकहो, 2020 च्या टाळेबंदीचा विषय निघाला की आपण मोठी माणसं गप्प होतो. होणारच. कुणाचं माणूस गेलं, कुणाची नोकरी. कुणी लेकरं कडेवर घेऊन गावाकडे चालत निघालं. पण तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांना एकदा विचाराच, त्या दिवसांतलं काय आठवतं? बरेच जण गच्चीचं नाव घेतील. दुपारभर रंगलेले पत्ते, समोरच्या बाल्कनीशी झालेल्या गाण्याच्या भेंड्या, दोरीला पिशवी बांधून खालच्या मजल्यावर सोडलेली गोष्टीची पुस्तकं. आणि हटकून एखादे आजोबा, ज्यांचं नावही आधी ठाऊक नव्हतं पण ज्यांनी बुद्धिबळ शिकवलं.

सोलापूरच्या नीलमनगरात तर शाळाच गल्लीत आली. कापड कामगारांची ही वस्ती. घरात स्मार्टफोन नाही, असला तरी रिचार्जला पैसे नाहीत. तेव्हा तिथल्या शाळेने वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, अक्षरओळख, गणितं, व्याकरण. मुलं अंतर राखून या भिंतीवरून त्या भिंतीकडे वाचत जायची. मला यात रंगापेक्षा मोठं वाटतं ते हे की, लोकांनी आपल्या घराची भिंत दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिली. 2020 च्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिचा भर धडा पाठ करण्यावर नव्हता, घरात आणि आजूबाजूला जे आहे त्यातून काही करून बघण्यावर होता.

हे सगळं गोड गोड करून सांगायचं नाही. कितीतरी मुलांचं वाचन-गणित मागे पडलं ते पडलंच, आणि दहा बाय दहाच्या खोलीत गच्ची कुठून येणार? टाळेबंदीने आनंद दिला असं कुणी म्हणू नये. मुलांना तेव्हा मोकळा वेळ मिळाला आणि हाकेच्या अंतरावर मोकळी माणसं मिळाली, एवढंच. या दोन्ही गोष्टी फुकट आहेत. तरी दारं उघडल्यावर पहिल्यांदा आपण त्याच बंद केल्या. अबॅकस, स्केटिंग, कोडिंग. शेजारच्याकडे जायचं तर आधी फोन करून वेळ ठरवायची. मग आपणच कुरकुरतो, पोरगं मोबाइलमधून डोकं वर काढत नाही.

तेव्हा या सुट्टीत एक क्लास कमी करा. कंटाळा आला म्हणून मूल भुणभुण करू लागलं तर करू द्या; थोड्या वेळाने ते आपणच शेजारची बेल वाजवेल. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक असेल, तर तो काढायचा विषय पुढच्या सभेत तुम्हीच मांडा.