केस आले, तरी ओढणी उतरत नाही

प्रश्न : माझी भाची शेगाव तालुक्यातली, अकरावीत शिकते. २०२५च्या जानेवारीत चार दिवसांत तिचे केस गेले. आता डोकं भरलंय, तरी घरातही ओढणी सोडत नाही. असं का?
— एक मामा, खामगाव

उत्तर : मामा, आधी केसांचं सांगते, ते सोपं आहे. त्या वेळी १८ गावांतल्या २७९ माणसांचे केस असेच गेले. पहिला संशय खारपाण पट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. स्थानिक गव्हाच्या ६०० पट सेलेनियम त्यात आढळल्याचं ते म्हणाले. सेलेनियम गंधकाचं भावंड. जास्त झालं की केसाच्या केराटिनमध्ये गंधकाची जागा बळकावतं आणि केस ठिसूळ होतो. मूळ जगतं, म्हणून केस परत येतात. चीनमधल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात हेच घडलं होतं, तिथे नखंही गळाली.

आता अवघड भाग. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली वेणी यायला अडीच-तीन वर्षं लागतात. आपल्याला ती काहीच वाटत नाहीत. तिची मात्र कॉलेजची अख्खी उमेदीची वर्षं त्यात जातात. शिवाय गावात कॅमेरे आले, ‘टक्कल व्हायरस’ म्हणून बातम्या झाल्या, काहींची लग्नं मोडली, काहींचं शिक्षण थांबलं. हे सगळं तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. केस उगवले म्हणून ते पुसलं जाईल कसं?

‘केसच तर आहेत, येतील गं’ असं कुणी म्हटलं की पोरगी गप्प होते. ते म्हणू नका. पाहुण्यांना दाखवायला ओढणी काढायलाही लावू नका. कधी काढायची ते तिचं ती ठरवेल. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने आहे. कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेली मुलगी वर्गात एकटीच असते. हिच्या गावात अशा कितीतरी जणी आहेत. त्यांना एकत्र बसू द्या, मोठ्यांनी मध्ये लुडबुड करू नये. झोप, जेवण किंवा कॉलेज तुटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

आणि हे केस जाणं फणी-टॉवेलने लागत नाही, पुढच्या पिढीत उतरणारंही नाही. उद्या सोयरिकीला येणाऱ्यांना ते तोंडावर सांगायचं काम मामाचं.