सही न करता कापलेले पेन्शन

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात नोकरीला लागली. चौथ्या महिन्यापासून पगारातून पेन्शनचे पैसे कापू लागले. तिने कुठेही सही केली नव्हती. ही सक्ती नाही का? आणि ती भारतात परतली तर ते पैसे बुडणार का?

उत्तर : सही लागली नाही, हे खरे, पण ही सक्ती नाही. आपल्याकडे पीएफचा सभासद झालेला माणूस नोकरी चालू असताना ‘मला नको’ म्हणू शकत नाही. तुमची मुलगी म्हणू शकते. योजनेत नाव घातल्यापासून महिन्याभरात तिने तसे कळवले, तर कापलेली रक्कम परत मिळते. ब्रिटनमध्ये 2012 पासून आपोआप नाव घालण्याचा हा कायदा लागू होत गेला. वय किमान 22 आणि वर्षाचा पगार 10,000 पौंडांहून जास्त असेल, तर मालकाने नाव घातलेच पाहिजे.

मग आधी विचारत का नाहीत? कारण विचारले की फॉर्म येतो, आणि फॉर्म ‘रविवारी निवांत भरू’ म्हणून खणात जातो. तुमच्या-माझ्या घरातही असे चार कागद निघतील. अमेरिकेतल्या एका कंपनीचा अभ्यास मॅड्रियन आणि शे या दोघांनी 2001 साली प्रसिद्ध केला. फॉर्म भरून यायचे होते तेव्हा नव्या लोकांपैकी 49 टक्केच निवृत्तीच्या योजनेत आले. आपोआप नाव घालू लागल्यावर 86 टक्के. ‘नको’ म्हणायची मोकळीक दोन्ही वेळी होतीच. म्हणजे पेन्शन नकोसे नव्हते, हालचाल नकोशी होती.

‘नाव काढले तर हातात पगार जास्त’ हा हिशेबही अर्धाच. पगाराच्या ठरावीक पट्ट्यावर, 6,240 ते 50,270 पौंडांच्या मधल्या रकमेवर, किमान 8 टक्के जमा होतात. पैकी 3 मालकाचे, 5 तिचे. त्या पाचातलाही साधारण एक करसवलतीतून येतो. पगार 30,000 असेल तर मालकाचे महिन्याला सुमारे 59 पौंड पडतात. नाव काढले की बहुधा तेही जातात, आणि ते पगारात मिसळून मिळत नाहीत. बाहेर पड म्हणून मालकाने आमिष दाखवणे मात्र बेकायदा आहे.

एक धोका मला खरोखर काळजीचा वाटतो. आपोआप ठरलेला आकडा लोक पुरेसा समजतात. त्या अमेरिकी कंपनीत आपोआप ठरलेला हिस्सा 3 टक्के होता आणि बरेच जण तिथेच अडकून राहिले. त्यांत एरवी जास्त भरले असते असेही होते. मुलीला वाढवणे झेपत असेल तर तिने जरूर वाढवावे.

परतल्यावर पैसे बुडत नाहीत. ते तिच्याच नावावर गुंतलेले राहतात. फक्त सध्या वयाच्या 55 आधी, आणि एप्रिल 2028 पासून 57 आधी, सहसा काढता येत नाहीत. नोकरी बदलताना त्या योजनेचे नाव आणि खातेक्रमांक तिने लिहून ठेवावा, आणि पत्ता बदलला की कळवावा.