फोनच्या नोंदी व आपलें घर

घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत, पूर्वीं जेथें पाडे व भातशेतें होतीं, तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत. खेड्यांतील कित्येक भगिनी तेथें घरकामास जातात. फाटकावरील रखवालदार मोबाइलचा नंबर विचारितो, फोटो घेतो, आणि ती कोणाच्या घरीं केव्हां गेली व केव्हां निघाली ह्याची नोंद होते. आमच्या मंडळींतील एक भगिनी मला म्हणाली, “पाळकसाहेब, मीं चोरी केली नाहीं, मग भ्यावयाचें कां?” प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरहि नीट दिलें पाहिजे.

ठाण्याचेंच उदाहरण घ्या. इ. स. २०१८ च्या आरंभीं ठाणे पोलिसांनीं कांहीं खासगी गुप्तहेरांस पकडिलें. लोकांच्या फोनच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्या, असा त्यांजवर आरोप होता. ह्या नोंदींत संभाषणाचा एकहि शब्द नसतो. कोणीं कोणास, केव्हां, किती वेळ फोन केला, व फोन कोणत्या टॉवरच्या टापूंत होता, एवढेंच असतें. परंतु रात्रीं दोन वाजतां रुग्णालयास फोन, सकाळीं सावकारास, मग माहेरीं तासभर, हें ज्यानें पाहिलें त्यास त्या घरचें दुःख न ऐकतांच कळलें! ज्यानें चोरी केली नाहीं त्याच्याहि घरीं झांकून ठेवण्यासारखें पुष्कळ असतें.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. माहिती कशासाठीं हवी तें मागणाऱ्यानें सांगावें, तें मराठींतहि वाचावयास मिळावें, व दिलेली संमति परत घेतां यावी, अशी त्यांत तरतूद आहे. त्या भगिनीस मीं सुचविलें कीं, काम सोडशील तेव्हां आपली नोंद काढून टाकावयास सांग.

आधारची प्रत द्यावी लागल्यास, चालत असेल तेथें, शेवटचे चारच अंक दाखविणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. अंगठा लावून बँकेंतील पैसे निघतात, म्हणून ठशांस आधारच्या ॲपमधून कुलूप घालावें व पैसे काढतेवेळीं तेवढें उघडावें. पासवर्ड बदलतां येतो, बोट बदलतां येत नाहीं. पैसे गेलेच तर विलंब न करितां १९३० वर फोन करावा.

आतां माझीच चूक सांगतों. एका बाईनें विश्वासानें सांगितलेलें आजारपण मीं प्रार्थनेसाठीं म्हणून मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर नांवासह टाकिलें. तासाभरांत तें तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासरीं पोहोंचलें. सोयरीक मोडली नाहीं. पण त्या बाईनें मजपाशीं पुन्हा कांहीं सांगितलें नाहीं. आतां मी आधीं विचारितों, आणि नांव लिहीत नाहीं. उपदेशक बंधूंनींहि मंडळीच्या नोंदवहीचा फोटो काढून कोणास पाठवूं नये, मागणारा कितीहि ओळखीचा असो.