पाण्यातून आला तरी धूर तो धूरच



पुण्या-मुंबईला शिकायला, कामाला गेलेली आपली मुले सुट्टीत धाराशिवला येतात. त्यांच्यातला एखादा सांगतो, "आई, हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळून येतो. त्यानं काही होत नाही." हे खरे आहे का, ते आपण पाहू.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन तो पोचवते. हुक्क्याच्या चिलमीवर कोळसा जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. हा वायू पाण्यात अडत नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. मग पेशी प्राणवायूवाचून उपाशी राहतात. डोके दुखते, गरगरते, मळमळते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला आणि पोटातल्या बाळाला धोका जास्त. एका खोलीच्या घरात शेजारी बसणाराही तोच धूर घेतो. 'हर्बल' म्हटले तरी कोळसा तोच.

पाणी धूर थंड करते, त्यातले विष काढून टाकत नाही. थंड धूर घशाला टोचत नाही, म्हणून झुरका खोल जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर ओढला जाऊ शकतो.

श्वासनळीच्या पेशींवर बारीक केस असतात. ते धूळ, कफ, जंतू बाहेर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. धुरातली रसायने पेशीतल्या डीएनएवर घाव करतात. बहुतेक घाव पेशी स्वतः भरून काढते. पण रोज नवे घाव बसले की एखादा तसाच राहतो आणि पेशी बेसुमार वाढू लागते. कर्करोगाची सुरुवात अशी होते. शिवाय एकच नळी तोंडातोंडी फिरली तर जंतूही पसरतात.

मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जीव गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर बंदी आणली. पण भाड्याच्या खोलीतला हुक्का आपल्यालाच थांबवावा लागेल.

मुलांना सांगताना आपल्या हातातली मिश्रीची डबी आणि तंबाखूची पुडीही पाहू. तोंडातल्या पेशींवर तीही असेच घाव करते. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो, ते घरात पाळू. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा. घरातल्या सगळ्यांनी मिळून सुरुवात केली तर सोडणे सोपे जाते.