देशाचे वचन आणि बाईचे नाव

वाचकहो, या पाठात आपल्याला दोन कागदांविषयी वाचायचे आहे. एक कागद फार मोठा. तो दिल्लीहून निघाला आणि साऱ्या जगापुढे गेला. दुसरा कागद लहान. तो आपल्या तलाठ्याकडे मिळतो. त्याला आपण सात-बारा म्हणतो. या दोन कागदांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांलाही तो आधी दिसला नव्हता. आमच्या रात्रीच्या वर्गात येणाऱ्या एका बाईने प्रश्न विचारला, तेव्हा दिसला.

पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही, हे मुखेडच्या माणसाला शिकवायला नको. आपला तालुका बालाघाटच्या डोंगरातला. पुष्कळ जमीन हलकी, दगडगोट्यांची. पाऊस रुसला की हंडे रांगेला लागतात. २०१६ साली तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्याच तालुक्यात उलटे झाले. एका रात्रीत एवढा पाऊस कोसळला, की रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली गेली. माणसे दगावली. जनावरे दावणीला बांधल्या जागी गेली. लष्कराला बोलवावे लागले. पुढे सप्टेंबरात साऱ्या मराठवाड्यातच पाण्याने पिके नेली.

असे का होते? कोळसा आणि तेल जाळून जो धूर व वायू हवेत जातो, त्याने पृथ्वीभोवतीची हवा तापत चालली आहे. तापलेली हवा वाफ जास्त धरून ठेवते. मग पाऊस बरेच दिवस ओढ देतो आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. कोळसा काही एकट्या मुखेडने जाळला नाही. तो साऱ्या जगाने जाळला, आणि श्रीमंत देशांनी जास्त जाळला. म्हणून २०१५ सालच्या डिसेंबरात फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरी सारे देश एकत्र बसले व त्यांनी एक करार केला. त्यात असे ठरले, की प्रत्येक देशाने आपण काय करणार ते वचन लेखी द्यावे आणि दर पाच वर्षांनी नवे वचन द्यावे.

आपल्या देशाने आपले पहिले वचन २ ऑक्टोबर २०१५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी पाठवले. २०२२ साली ते वाढवले. त्यात मोठे आकडे तीन आहेत. देशात शंभर रुपयांचे उत्पन्न काढताना २००५ साली जेवढा वायू सुटे, त्यात २०३० पर्यंत ४५ टक्के घट करायची, हा पहिला. वीज तयार करण्याची जी क्षमता आहे, तिच्यातली निम्मी ऊन, वारा, पाणी अशा कोळशावाचूनच्या साधनांची करायची, हा दुसरा. आणि आणखी २५० ते ३०० कोटी टन वायू शोषून घेतील एवढी झाडे व जंगले वाढवायची, हा तिसरा.

हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिले. आम्हांला वाटले, पाठ चांगला झाला. तेवढ्यात मागे बसलेल्या त्या बाई म्हणाल्या, “गुरुजी, हे झालं धुराचं, विजेचं अन् झाडाचं. पाणी कोण आणतंय, त्याचं काय लिवलंय त्यात?”

आम्हांला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोधू लागलो.

काहीच लिहिलेले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. २००८ साली आपल्या केंद्र सरकारने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा केला. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की या बदलाचा मार बायांना अधिक बसेल. पाणी कमी होईल, सरपण कमी होईल आणि आजार वाढतील, हे त्यात आहे. पॅरिसच्या करारातही स्त्रीपुरुष समानतेचा उल्लेख आहे. त्याच्या आधी एक वर्ष, २०१४ साली, पेरू देशातल्या लिमा शहरी देशांनी याच गोष्टीसाठी निराळा कार्यक्रम मान्य केला होता. शब्द आहेत. पण आपण वर जे तीन आकडे वाचले, त्यांत बाई कुठेच मोजलेली नाही.

मोजणीला एवढे महत्त्व काहून द्यायचे, असे कोणी म्हणेल. विजेचा आकडा पाहा. निम्म्या क्षमतेचे वचन २०३० चे होते. ते २०२५ सालीच पुरे झाले. आकडा होता, तारीख होती, दर महिन्याला कोणीतरी हिशेब विचारत होते. ज्याचा हिशेब कोणी विचारत नाही, ते काम चांगल्या शब्दांत लिहिलेले असले तरी मागे पडते.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही मुख्याध्यापक होतो. उन्हाळा लागला, की वरच्या वर्गातल्या मुली शाळेला येईनाशा होत. आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी मांडत असू आणि महिन्याची टक्केवारी वर पाठवत असू. मुली टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. पण पटावर कारणाचा रकाना नव्हता, म्हणून आम्ही कारण कधी लिहिले नाही. आणि वरून कोणी विचारले नाही. वहीच्या कडेला चार शब्द लिहायला कोणाची मनाई होती?

ऊसतोडीला जाणाऱ्यांना ही गोष्ट लवकर कळेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल एक, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात. पहाटे उठून भाकरी बाई करते, मोळी डोक्यावर बाई नेते, पण मुकादमाच्या वहीत दोघांचे मिळून एकच कोयता लागतो. दुष्काळाने जितकी घरे फडावर जातात, तितक्या बाया या एका आकड्यात विरून जातात.

मात्र आपल्याच महाराष्ट्रात एकदा वेगळेही घडलेले आहे. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. आम्ही तेव्हा लहान होतो. आमची आई खडी फोडायला जात असे आणि आम्ही तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन जात असू. त्या काळात रोजगार हमी उभी राहिली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. त्या कामावर बाईचे नाव हजेरीपत्रकात स्वतंत्र लागे. सारख्या कामाला सारखा दर, मग काम करणारा पुरुष असो की बाई. अंगठा तिचा, पैसे तिच्या हातात. खडीचे काम सोपे नव्हते, आणि मापात खोट धरणारेही भेटत. पण आई पगाराच्या दिवशी पदराला गाठ मारून घरी येई, ती चाल आम्हांला आजही दिसते. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा आपली ही योजना पुढे होती, आणि कामावर तिसरा हिस्सा तरी बायांचा असावा, असे त्यात आकड्यानिशी लिहिले गेले.

आता लहान कागदाकडे येऊ.

देशाने विजेचे वचन दिले. ते आपल्या गावात कोणत्या रूपाने येते? सौर पंपाच्या रूपाने. पंपाचा अर्ज करायचा तर सात-बारा लागतो. हवामानाला तोंड देण्यासाठी २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यात नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे होते. त्यातही शेततळे, ठिबक मागायचे तर जमिनीचा कागद. पुरात पीक गेले आणि पंचनामा झाला, तर भरपाई जाते ती सात-बारावर ज्याचे नाव आहे त्याच्या नावाने. आणि देशात शंभर वहिवाटदार धरले, तर २०१५-१६ च्या शेतीगणनेप्रमाणे त्यांत बाया होत्या सुमारे १४. खुरपणी, वेचणी, काढणी कोण करते, ते तुम्ही शिवारात बघा आणि हा आकडा बघा.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंची कथा हीच निघाली. मालक वारून पाच वर्षे झाली होती. वारसांची नोंदच झालेली नव्हती. पुरात सोयाबीन गेले. भरपाईच्या यादीत नाव निघाले ते वारलेल्या माणसाचे, आणि त्याचे बँकेतले खाते कधीच बंद झालेले! बाई म्हणाल्या, “मेलेल्या माणसाचं नाव जितं हाय अन् मी जिती असून नावात नाही.”

यावर उपाय आहे, आणि तो फार अवघड नाही. खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. (२०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माणूस तोच, पाटी नवी.) उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती द्यावी लागते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि वारलेल्याची आई, या सर्वांचा वाटा सारखा असतो. २०२५ साली सरकारने अशा अडकलेल्या नोंदींसाठी ‘जिवंत सात-बारा’ नावाची मोहीमही काढली. नाव लागताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. नाव खातेदारांच्या रकान्यात लागते आहे, की ‘इतर हक्क’ या रकान्यात? पुष्कळ ठिकाणी बायांची नावे त्या दुसऱ्या रकान्यात सारून ठेवलेली आढळतात.

मालक हयात असतानाही बायकोचे नाव लावता येते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून हेच काम चालवले होते. अनेक शेतकऱ्यांनी तेव्हा जमिनीचा तुकडा राजीखुशीने घरधनिणीच्या नावे केला. आमच्या मते यात देणारा काही गमावत नाही. जमीन घरातच राहते.

बाईच्या हाती थोडी जमीन आली तर ती काय करते, याचाही दाखला जवळच आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था उभी केली. दुष्काळाच्या वर्षांत या संस्थेतल्या लातूर, धाराशिव भागातल्या बायांनी घरच्या रानातून अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात ऊस नाही, नुसते सोयाबीनही नाही. भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी कमी पाण्याची मिश्र पिके घेतली. एक गेले तर दुसरे हाती लागते, आणि लेकरांच्या ताटात आधी पडते. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पारितोषिक दिले. हवामान बदलाला तोंड देणे म्हणतात, ते हेच.

आणखी एक जागा आहे. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती पुष्कळदा कागदावर होते, सह्या घरोघर फिरून गोळा होतात. सही करता येऊ लागली म्हणून कुठेही करू नये. आधी वर काय लिहिले आहे ते वाचावे. सभा झाली नसेल तर तसे सांगावे. झाली तर पाण्याची रांग किती वेळ, टँकर किती दिवसांआड, पुरात कोणत्या घरी काय गेले आणि त्या घरात बाई एकटी आहे का, हे ठरावात आकड्यानिशी लिहून घ्यावे. दिल्लीच्या कागदात जो रकाना नाही, तो गावाच्या ठरावात घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या बाईंनी वारसांचा अर्ज दिला. लिहायला आम्ही मदत केली, सही त्यांनी स्वतः केली. काही दिवसांनी चावडीवर फेरफाराची नोटीस लागली. हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. बाई आपल्या मुलीला घेऊन वाचायला गेल्या. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत आपल्या नावापर्यंत आल्या आणि थांबल्या. मालकाच्या नावाच्या जागी सासऱ्याचे नाव पडले होते. त्या तशाच आत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, “हे चुकलंय. दुरुस्त करा, मी इथंच बसते.”