संपादकातील रंग आणि मजकुरातील बदल

संगणकाची आज्ञावली लिहिताना संपादक राखीव शब्द, अवतरणचिन्हांतील मजकूर व टिप्पण्या निरनिराळ्या रंगांत दाखवितो. हे रंग फाइलमध्ये साठविलेले नसतात. मजकूर वाचून ते ठरविले जातात. म्हणूनच एक अक्षर बदलले तरी प्रश्न उभा राहतो : पुन्हा रंगवायचे किती?

सी भाषेत तिरकी रेघ व तारा ही जोडी लिहिताच टिप्पणी सुरू होते आणि तारा व तिरकी रेघ येईपर्यंत चालते. दहाव्या ओळीवर ती जोडी लिहिली, तर खालच्या शेकडो ओळी टिप्पणी ठरू शकतात. केवळ दहावी ओळ रंगवून भागत नाही. प्रत्येक अक्षरागणिक सारी फाइल वाचणेही परवडत नाही. यावर साधा उपाय असा : प्रत्येक ओळीच्या अखेरीस आपण टिप्पणीत आहोत, अवतरणात आहोत की साध्या मजकुरात, याची नोंद ठेवायची. बदललेल्या ओळीपासून वाचन सुरू करायचे आणि बदललेला भाग ओलांडल्यावर ओळीअखेरची नवी स्थिती जुन्या नोंदीशी जुळताच थांबायचे. बहुतेक वेळा हे काम एका ओळीतच संपते.

विम हा संपादक काटकसरीसाठी पडद्यावरील भागाच्या थोडे मागे जाऊन अंदाज बांधतो. तो चुकला की लांब फाइलमध्ये रंग बिघडतात. ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ ही आज्ञा दिल्यास तो आरंभापासून वाचतो. नवशिका विद्यार्थी मात्र बिघडलेला रंग पाहून बरोबर ओळच खोडतो. हे मी वर्गात पाहिले आहे. कंपायलर रंग पाहत नाही, अक्षरे पाहतो. आधी आज्ञावली चालवून पाहावी; ती अडली, तर वरच्या ओळींत न मिटलेले अवतरण शोधावे.