वर्गणी की खरेदी?

लग्नसराई तोंडावर आली होती. एके दिवशी सकाळीच गावातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. त्यांच्या मुलाचे तालुक्याला फोटोचे दुकान आहे. दुकानाचे बँकखाते मावशींच्या नावावर आहे. मावशी गेल्याच वर्षी रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकल्या.

"गुरुजी, एवढं वाचून द्या," मावशींनी कागद पुढे केला. "फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. पोरगा म्हणतो, मोबाइलवर बोट लाव, म्हंजे झालं. मी म्हटलं, आधी मराठीत उतरून दे. मग बघू."

मी म्हणालो, "मावशी, आता तुम्हीच वाचा. अडेल तिथे मी आहे."

मावशींनी अक्षर अक्षर लावून कागद वाचला. "वर्षाचा करार, हप्ता महिन्याचा," इथे त्या थांबल्या. "म्हंजे हे विकत का भाड्यानं?"

मंडळी, प्रश्न अगदी नेमका होता. तोच आज आपण समजून घेऊ.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला काम सांगणारी आज्ञावली. फोटो काळवंडला तर उजळ करणे, मागचा पसारा पुसणे, अशी कामे ती करते. ती दोन रीतींनी मिळते.

पहिली रीत खरेदीची. एकदाच पैसे द्यायचे आणि वापरायचे. पण एक ध्यानात घ्या. पुस्तक विकत घेतले म्हणून ते छापून विकता येत नाही. तसेच इथेही आहे. मालकी कंपनीचीच राहते. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. नवी सुधारणा हवी असली, तर बहुधा पुन्हा पैसे पडतात. काही वर्षांनी नव्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर चालेनासेही होते.

दुसरी रीत वर्गणीची. ही खंडाने घेतलेल्या जमिनीसारखी. खंड भरा, तोवर कसा. वर्गणी चालू असेपर्यंत नव्या सुधारणा मिळत राहतात. वर्गणी थांबली की काम थांबते.

आता एक खरी हकिकत ऐका. अमेरिकेत अ‍ॅडोबी नावाची कंपनी आहे. तिचे फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. पुष्कळ वर्षे ते एकदाच पैसे घेऊन विकले जाई. २०१२ सालच्या आवृत्तीची अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती. २०१३ साली कंपनीने जाहीर केले, की यापुढच्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतील. मग फोटोवाल्यांसाठी महिना सुमारे १० डॉलरची योजना निघाली. ६९९ डॉलर म्हणजे जवळजवळ ७० महिन्यांची वर्गणी. ज्याच्यापाशी एकरकमी पैसा नव्हता, त्याला हे सोयीचे वाटले. ज्याला एकच आवृत्ती दहा वर्षे वापरायची होती, त्याला ते जाचक वाटले. दोघांचेही खरे होते.

पण खंड वाढतो, तशी वर्गणीही वाढते. २०२५ च्या जानेवारीत ही योजना नव्या गिऱ्हाइकांना बंद झाली. दरमहा पैसे भरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना १० चे १५ डॉलर पडू लागले.

सगळ्यांनीच वर्गणी धरली असे नाही. इंग्लंडमधील सेरिफ कंपनीने २०१५ साली अ‍ॅफिनिटी फोटो हे सॉफ्टवेअर आणले. ते एकदाच पैसे घेऊन मिळे. २०२४ साली कॅन्व्हा या ऑस्ट्रेलियन कंपनीने सेरिफ विकत घेतली. २०२५ च्या ऑक्टोबरात अ‍ॅफिनिटी फुकट झाले. म्हणजे धनी बदलला की रीतही बदलते. गिंप नावाचे सॉफ्टवेअर मात्र १९९६ सालापासून सर्वांना मोफत आहे.

मावशी म्हणाल्या, "ते समदं खरं. पण माझ्या कागदाचं काय?"

मी पाटी घेतली. समजा, वर्गणी महिना ५०० रुपये आहे आणि खरेदीची किंमत ९,००० रुपये. ९,००० ला ५०० ने भागले, तर १८ येतात. म्हणजे दीड वर्षापेक्षा जास्त वापर असेल, तर खरेदी स्वस्त. दोनच महिने काम असेल, तर सुट्या महिन्यांची वर्गणी स्वस्त. सुटा महिना थोडा महाग पडतो, पण पुढचे बंधन नसते.

"वर्षाचा करार, हप्ता महिन्याचा" यात मात्र बंधन असते. २०२४ साली अमेरिकेच्या सरकारने अ‍ॅडोबीवर दावा लावला. असा करार मध्येच मोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागत, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगितली जात नव्हती, असे सरकारचे म्हणणे होते. आपल्या हिशेबात बघा. चार महिन्यांनी करार मोडला, तर आठ महिन्यांचे ४,००० रुपये उरतात. त्याचे निम्मे २,००० रुपये.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पावसाळ्यात तर दुकानात माशा मारतो पोरगा. तवा हप्ता कुठनं भरायचा?"

त्यांनी त्या दिवशी बोट लावले नाही. संध्याकाळी मायलेकांनी बसून हिशेब केला. लग्नसराईपुरते सुटे महिने घ्यायचे, एरवी मोफत सॉफ्टवेअरवर काम भागवायचे, असे ठरले.

मंडळी, पूर्वी आपण न वाचता कागदावर अंगठा उठवत होतो. त्यात कित्येकांच्या जमिनी गेल्या. आता न वाचता पडद्यावर बोट लावले, तर तो अंगठाच झाला. मग शिकून काय उपयोग?

लक्षात ठेवा :
१. करार महिन्याचा की वर्षाचा, ते आधी वाचा.
२. मध्येच सोडले तर काय भरावे लागेल, ते विचारा.
३. आपले फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा रूपात वेगळे साठवून ठेवा.
४. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाणार असतील, तर किमान २४ तास आधी सूचना मिळाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो संदेश वाचल्याशिवाय पुसू नका.

उत्तरे द्या :
१. वर्गणी आणि खंड यांत सारखे काय आहे?
२. वर्गणी महिना ४०० रुपये आणि खरेदीची किंमत ६,००० रुपये असेल, तर किती महिन्यांत दोन्ही सारखे होतील?
३. मावशींनी बोट का लावले नाही?